लहान चण, जड लेन्स: कॅमेऱ्याची बॅग पाठीच्या मापाने कशी निवडावी

कॅमेऱ्याच्या बॅगेत किती लिटर सामान मावते हे दुकानदार न विचारता सांगतो. पण तिचे खांद्याचे पट्टे जिथे शिवले आहेत तिथपासून कंबरपट्ट्यापर्यंत अंतर किती, असे विचारले तर तो बॅग उलटीसुलटी करून आपल्याच तोंडाकडे पाहतो. लहान चणीच्या माणसाला जड लेन्स दिवसभर वाहता येईल की नाही, हे मात्र या दुसऱ्या आकड्यावरच ठरते. माझी उंची १४९ सेंटिमीटर आणि वजन ४७ किलो आहे. यावल अभयारण्यात, हतनूर धरणाच्या फुगवट्यावर आणि तोरणमाळच्या परिसरात दोन किलोहून जड लेन्स घेऊन पक्ष्यांची छायाचित्रे काढताना मी बॅगांच्या बाबतीत ज्या चुका केल्या, त्यांतून पुढची पद्धत तयार झाली आहे.

पहिली बॅग मी ‘मोठी लेन्स म्हणजे मोठी बॅग’ या समजुतीने घेतली. तिचा कंबरपट्टा माझ्या कमरेवर न बसता नितंबांवर घसरत असे, वरचे टोक डोक्याच्या मागे टेकत असे, आणि सागाच्या शेंड्यावरचा पक्षी पाहायला मान वर केली की टोपी डोळ्यांवर येत असे. तीन तासांनी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागत. दोष माझ्या ताकदीचा आहे असे मला बरेच दिवस वाटत राहिले. ती बॅग आता घरी माळ्यावर जुने अल्बम सांभाळते आहे.

आधी वजनाचा हिशेब

बॅग पाहायला जाण्याआधी आपण प्रत्यक्षात नेतो ते सगळे सामान एकत्र ठेवून तोलावे. कॅटलॉगातील आकडे उपयोगी असतात, पण ते पुरे नसतात. उदाहरणार्थ, निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स (हे आकडे लेन्सच्या लांबीचे नव्हेत, ती दूरचे किती जवळ आणते त्याचे असतात) ट्रायपॉडवर बसवण्याच्या कड्यासह २,३०० ग्रॅम भरते आणि निकॉन डी५०० हा कॅमेरा बॅटरी व कार्डासह ८६० ग्रॅमचा आहे. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅम, टॅमरॉनची १५०-६०० जी२ सुमारे २,०१० ग्रॅम, आणि सोनीची २००-६०० कड्याशिवाय २,११५ ग्रॅम, म्हणजे या जातीच्या लेन्समध्ये दोन किलो ही सर्वसाधारण गोष्ट आहे. लग्नसराईत लागणारी ७०-२०० एफ २.८ ही लेन्स बनावटीनुसार एक ते दीड किलोच्या दरम्यान असते.

आता माझा स्वतःचा हिशेब पाहावा. कॅमेरा आणि लेन्स मिळून ३.१६ किलो, दुसरी छोटी लेन्स अर्धा किलो, दुर्बीण सुमारे ७०० ग्रॅम, बॅटऱ्या, रेनकोट आणि शिदोरी मिळून तेवढेच, आणि खान्देशात ज्यावर काटकसर करता येत नाही ते दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. त्यात रिकाम्या बॅगेचे १.८ किलो मिळवले की एकूण ८.८६ किलो होतात. हे माझ्या वजनाच्या जवळजवळ एकोणीस टक्के आहे. ऐंशी किलोच्या धिप्पाड सोबत्याच्या पाठीवर हीच बॅग जेमतेम अकरा टक्क्यांची ठरते, आणि म्हणून ‘मला तर काहीच जड वाटत नाही’ हा त्याचा अभिप्राय प्रामाणिक असूनही आपल्या कामाचा नसतो.

शाळकरी मुलांसाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. डोंगरात भटकणारी प्रौढ माणसे साधारणपणे वीस टक्क्यांपर्यंतचे ओझे चालण्याजोगे धरतात. माझा सल्ला असा की, लहान चणीच्या व्यक्तीने वीस टक्के ही शेवटची हद्द मानावी आणि पंधराच्या आसपास राहण्याचा प्रयत्न करावा. हिशेब याच्या वर जात असेल तर कितीही चांगली बॅग घेतली तरी उपाय होणार नाही. मग दुसरी लेन्स घरी ठेवावी, किंवा लेन्सच हलकी घेण्याचा विचार करावा. कॅननची आरएफ १००-५०० कड्याशिवाय १,३७० ग्रॅमची आहे आणि निकॉनची ५०० मिलिमीटर पीएफ १,४६० ग्रॅमची. त्या महाग आहेत हे खरे, पण पाठीवरचा पाऊण-एक किलो कमी होतो आणि बॅगही आकाराने लहान चालते.

पाठ मोजणे

या कामाला शिंप्याची मऊ टेप आणि मदतीला एक माणूस लागतो. हनुवटी छातीकडे झुकवावी. मानेच्या तळाशी जे सर्वांत ठळक हाड बोटाला लागते, तो मापाचा वरचा बिंदू. मग दोन्ही हात कमरेवर अशा रीतीने ठेवावेत की बोटे पुढे आणि अंगठे मागे राहतील, आणि हात खाली दाबत कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकवावेत. येथे पुष्कळांची चूक होते, कारण साडीचा किंवा सलवारीचा घेर जिथे बांधतो त्यालाच आपण कंबर म्हणतो, तर इथे हाडाची कड शोधायची असते. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तो खालचा बिंदू. आता सरळ उभे राहून, टेप पाठीच्या वळणाला चिकटवून, वरच्या बिंदूपासून खालच्या बिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे. माझे माप ३८ सेंटिमीटर आले. उंचीवरून हे माप अंदाजाने काढू नये. सारख्याच उंचीच्या दोघींपैकी एकीचे पाय लांब असतात आणि दुसरीची पाठ. माझी धाकटी बहीण माझ्याहून चार बोटे उंच आहे आणि तिची पाठ माझ्याएवढीच भरते.

याच वेळी आणखी दोन मापे लिहून ठेवावीत: कमरेच्या हाडांवरून घेतलेला घेर आणि एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी. पहिल्याचा उपयोग कंबरपट्टा पाहताना होतो, दुसऱ्याचा खांद्याचे पट्टे पाहताना.

बॅगेची पाठ, उंची आणि जाडी

ट्रेकिंगच्या सॅक निरनिराळ्या पाठींच्या मापांत मिळतात, पण कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅगा एकाच मापात शिवलेल्या असतात, आणि ते माप मध्यम बांध्याच्या पुरुषाला गृहीत धरून ठरवलेले असते. म्हणून दुकानात बॅग हाती आली की पहिल्यांदा टेप काढावी. खांद्याचे पट्टे बॅगेला जिथे जोडलेले आहेत तिथपासून कंबरपट्ट्याच्या मध्यरेषेपर्यंत मोजावे. हे अंतर आपल्या पाठीच्या मापाइतके किंवा त्याहून दोन-चार सेंटिमीटर कमी हवे. ते आपल्या मापापेक्षा जास्त असेल तर कंबरपट्टा हाडाखाली जाईल आणि सगळे ओझे खांद्यांवर लटकेल. पट्टे कितीही ओढले तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण पट्टे ओढल्याने बॅग अंगाला चिकटते, तिची पाठ आखूड होत नाही.

एकूण उंचीचा प्रश्न लेन्समुळे येतो. वर सांगितलेली निकॉनची लेन्स २६७.५ मिलिमीटर लांब आहे, आणि तिला कॅमेरा जोडून ठेवायचा तर सुमारे ३४ सेंटिमीटरची जागा लागते. सोनीची २००-६०० एकटीच ३१८ मिलिमीटरची असल्याने कॅमेऱ्यासह ती चाळीसच्या जवळ जाते. कॅमेरा जोडलेला असला की पक्षी दिसताच काम सुरू करता येते, हा फायदा मोठा आहे. पण त्यासाठी आपण पन्नास सेंटिमीटरहून उंच बॅग विकत घेत असू, तर लहान पाठीवर तिचे वरचे टोक डोक्याला आणि खालचे टोक नितंबांना टेकणार हे ठरलेलेच आहे. अशा वेळी लेन्स उभी, कण्याला समांतर, आणि कॅमेरा सुटा तिच्या शेजारी, अशी मांडणी करून बुटकी बॅग घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लेन्स जोडायला लागणारे अर्धे मिनिट परवडते. रानपिंगळ्याच्या बाबतीत तर ते निश्चितच परवडते, कारण हा पिंगळा दिवसा वावरतो आणि उघड्या फांदीवर बराच वेळ बसलेला सापडतो. (११३ वर्षे ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती, तो १९९७ साली पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात, तेव्हा अर्ध्या मिनिटाची घाई त्याच्यासाठी तरी नको.)

उंची तपासायची सोपी खूण अशी: बॅग पाठीवर असताना मान पूर्ण मागे टाकून आकाशाकडे पाहता आले पाहिजे, आणि खुर्चीवर ताठ बसल्यावर बॅगेचा तळ बसकणीला टेकून वर उचलला जाता कामा नये. मोटारसायकलवर मागे बसून जाणाऱ्यांनी ही दुसरी खूण हेल्मेट घालून तपासावी. सीटला टेकून वर आलेली बॅग हेल्मेटवर आदळत राहते आणि प्रत्येक खड्ड्यात मानेला हिसका बसतो; आपल्याकडच्या रस्त्यांवर खड्डे किती, हे सांगण्याची गरज नाही.

जाडीकडे फारसे कोणी पाहत नाही, पण पाठदुखीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. बॅगेचा गुरुत्वमध्य पाठीपासून जितका दूर, तितका ती आपल्याला मागे ओढते आणि तोल सावरायला आपण पुढे वाकून चालतो. नऊ किलोच्या बॅगेचा मध्य दहा सेंटिमीटरऐवजी सोळा सेंटिमीटरवर गेला, तर वजन तेच राहूनही मागे ओढणारा जोर दीडपटीहून जास्त होतो, आणि हलक्या अंगाच्या माणसाला तो सावरताना अधिक वाकावे लागते. या लेन्सचा व्यास साधारण अकरा सेंटिमीटरच्या आसपास असतो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी नळी, उलटा लावला की तो वाढतो, तेव्हा हूडसह मोजून तेवढीच खोली असलेली बॅग घ्यावी. पुढच्या बाजूला लॅपटॉपचा, मग वर आणखी एक कप्पा, मग ट्रायपॉडची जाळी, अशा थरांवर थर असलेली बॅग दुकानात ऐटदार दिसते. पण जंगलात लॅपटॉपचे काम नसते.

कंबरपट्टा

सगळ्या बॅगेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि कॅमेऱ्याच्या बॅगांत सर्वाधिक हयगय होते तीही याचीच. अनेक बॅगांना कमरेशी नुसती दोन बोटांची नायलॉनची पट्टी असते. ती बॅग हलू देत नाही, पण वजन मुळीच पेलत नाही. आपल्याला हवा तो कंबरपट्टा तळहाताएवढा रुंद, आत घट्ट फोम असलेला आणि बॅगेच्या पाठीच्या फळीला पक्का शिवलेला असावा. फोम बोटाने दाबून पाहावा. उशीसारखा मऊ फोम दुकानात सुखाचा वाटतो आणि महिन्याभरात चपटा होतो.

लहान कमरेच्या माणसाची अडचण वेगळीच असते. पट्टा हाडांवर आणून आवळला की दोन्ही बाजूंचे फोमचे पंख पोटासमोर एकमेकांना भिडतात, बकल शेवटपर्यंत ओढलेले असते, आणि पट्टा तरीही सैलच राहतो. म्हणून आवळल्यानंतर दोन पंखांच्या मध्ये निदान चार-पाच बोटांचे अंतर उरले पाहिजे. हिवाळ्यात स्वेटर आणि उन्हाळ्यात पातळ कुर्ता, दोन्हींसाठी मग जागा राहते. बॅग वजनासह पाठीवर असताना पट्टा आवळावा आणि खांद्यांचे पट्टे पूर्ण सैल सोडावेत. बॅग कमरेवर उभी राहिली तर पट्टा कामाचा, आणि घसरून खाली गेली तर तो शोभेचा.

सलवार घालणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. नाडीची गाठ बरोबर बकलखाली आली की दोन तासांत पोटावर वळ उठतो. गाठ बाजूला सरकवून बांधावी, किंवा त्या दिवशी इलॅस्टिकची पँट घालावी. कुर्त्याची चुणीही पट्ट्याखाली दाबली जाणार नाही इतके पाहावे.

खांद्याचे पट्टे

अरुंद खांद्यांवर दूर-दूर शिवलेले सरळ पट्टे बाहेरच्या बाजूला घसरतात, आणि मग माणूस नकळत खांदे उचलून चालू लागतो. पट्ट्यांची वरची टोके मानेच्या जवळून निघावीत, पण मानेला घासू नयेत. छातीवरून जाताना त्यांना इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण असेल तर स्त्रियांना ते बरे पडते. सरळ रुंद पट्टे एक तर छातीवर दाबतात किंवा काखेत रुततात. बोटांना मुंग्या येतात त्या बहुधा काखेजवळच्या या दाबामुळे. त्या बॅग उतरवल्यावर थोड्या वेळात गेल्या नाहीत तर मग डॉक्टरांना दाखवावे, नवी बॅग शोधत बसू नये.

छातीची पट्टी वरखाली सरकणारी हवी. खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारी एक छोटी तिरकी पट्टीही काही बॅगांना असते. ती ओढली की बॅगेचा माथा पाठीकडे येतो. पण लहान पाठीवर ती पट्टी बरेचदा खांद्याच्या पातळीतच किंवा खालून निघते आणि मग तिचा काही उपयोग होत नाही, तेव्हा ती आहे एवढ्यावर भुलू नये.

कोणत्या बाजूने उघडते

जून ते सप्टेंबर काळ्या मातीत आणि एप्रिल-मे फुफाट्यात काम करणाऱ्यांना हा प्रश्न गौण नाही. समोरून उघडणारी बॅग पाठीच्या बाजूवर आडवी ठेवावी लागते. म्हणजे हतनूरच्या काठचा चिखल, वाळलेल्या गवताची कुसळे आणि गोखरू बॅगेच्या पाठीला चिकटतात, आणि बॅग चढवली की आपल्या पाठीला. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग घेतली तर तिची पुढची बाजू मातीत जाते आणि पाठ कोरडी राहते. शिवाय अशा काही बॅगांत कंबरपट्टा तसाच ठेवून, खांद्यांचे पट्टे काढून बॅग पोटासमोर फिरवता येते आणि ती जमिनीवर न ठेवताच लेन्स बदलता येते. थिंक टँकच्या माइंडशिफ्ट मालिकेतील बॅकलाइट या बॅगा या रचनेसाठी ओळखल्या जातात. मात्र बॅग पोटासमोर असताना सगळे वजन एका कमरेवर येते आणि पट्टा सैल असेल तर ती खाली जाते, म्हणून हा प्रयोग आधी घरी पलंगाजवळ उभे राहून करावा.

बाजूने उघडणाऱ्या बॅगा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेसारख्या गर्दीत चटकन कॅमेरा काढायला बऱ्या, पण त्या कप्प्यातून मोठी लेन्स निघत नाही. एका खांद्यावर अडकवायच्या बॅगांबद्दल एवढेच म्हणते की, दीड किलोच्या पुढे त्यांचा विचार करू नये. चाकांच्या बॅगा भुसावळच्या फलाटावर ठीक आहेत; फलाट संपला की तीच बॅग उचलावी लागते आणि चाके व दांडा यांचे वजनही आपल्याच हाती येते.

चेन मोठ्या दातांची असावी आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर कापडाची झाप असावी. आतले कप्पे चिकटपट्टीचे (वेल्क्रोचे) असतात ते ठीक, पण बाहेर वारंवार उघडायच्या खिशाला चिकटपट्टी नको, कारण शांत जंगलात तिचा चर्रकन होणारा आवाज पन्नास पावलांवरच्या पक्ष्याला उडवतो. रंग काळ्यापेक्षा मातकट किंवा शेवाळी बरा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि उन्हात ठेवलेली काळी बॅग आतून भट्टी होते. पाठीला हवा लागावी म्हणून जाळी ताणून बसवलेल्या बॅगा मिळतात; त्या थंड वाटतात, पण जाळीमुळे वजन पाठीपासून तीन-चार सेंटिमीटर मागे सरकते. जाडीबद्दल वर जे लिहिले ते लक्षात घेता मी तरी जाळी नाकारून घाम पत्करला आहे.

बॅग कुठून मिळवावी

एक मार्ग म्हणजे पाठीचे माप बदलता येणारी कॅमेऱ्याची बॅग. शिमोडा ही कंपनी अशा बॅगा करते आणि स्त्रियांच्या बांध्यासाठी खांद्यांचे वेगळे पट्टेही देते. किंमत मात्र मोठी आहे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे: चांगल्या कंबरपट्ट्याची, लहान पाठीची ट्रेकिंगची सॅक घ्यायची आणि तिच्यात कॅमेऱ्यासाठीचा फोमचा सुटा डबा बसवायचा. डेकॅथलॉनकडे स्त्रियांच्या बांध्यानुसार शिवलेल्या आणि पाठ कमी-जास्त करता येणाऱ्या सॅक आहेत. ट्रेकिंगच्या सॅक वजन कमरेवर टाकण्यासाठीच बनवलेल्या असल्याने या कामात त्या कॅमेऱ्याच्या बॅगांना मागे टाकतात. उणीव एकच, की बहुतेक सॅक वरून उघडतात आणि तळाशी गेलेली लेन्स काढायला सगळे उपसावे लागते. म्हणून पुढून किंवा बाजूने पूर्ण चेन असलेलीच निवडावी.

वजन घालून चाचणी

रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते. दुकानात जाताना आपली लेन्स आणि कॅमेरा बरोबर न्यावा, आणि ते शक्य नसेल तर एक लिटर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या न्याव्यात. एक बाटली म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब. दोन बाटल्या टॉवेलात एकत्र गुंडाळल्या की लेन्सचे सोंग तयार होते. बाकीचे वजन भरायला ज्वारीची पिशवीही चालते. खान्देशातील लहान शहरांत मोठ्या बॅगांचे पर्याय फारसे पाहायला मिळत नाहीत आणि पुष्कळांना ऑनलाइनच मागवावी लागते, तेव्हा परत करण्याची मुदत आणि अट आधी वाचावी, लेबले तोडू नयेत, आणि चाचणी घरातच करावी.

घरची चाचणी निदान पाऊण तासाची असावी, कारण पहिली दहा मिनिटे कुठलीही बॅग त्रास देत नाही. बॅग घालून जिना चढावा-उतरावा, खाली वाकून चपलेचा पट्टा लावावा, उकिडवे बसून उठावे, मान वर करून छताकडे पाहावे, आणि शेवटी जमिनीवर मांडी घालून बसावे. पाऊण तासानंतर आरशासमोर उभे राहून खांद्यांवरचे वळ पाहावेत. कमरेवर थोडी लाली असणे ठीक आहे, पण खांद्यावर खोल वळ असेल तर बॅग परत करावी. शेजारीण ‘घरात कुठे निघालीस ग सॅक घेऊन?’ असे विचारेल. तिला सांगायला काही हरकत नाही.

भरणे आणि चढवणे

लेन्स कण्याला चिकटून, खांद्याच्या पात्यांखाली आणि कमरेच्या वर यावी. ती तळाशी गेली तर बॅग नितंबांवर आपटते, आणि माथ्याशी गेली तर यावल अभयारण्यातील लंगडा आंबा या ठिकाणाकडच्या चढउतारांवर तोल जातो. बहुतेक बॅगांतले कप्पे सुटे असतात. लेन्सखाली एक रिकामा कप्पा करून त्यात रेनकोट घडी घालून ठेवला की लेन्स आपोआप योग्य उंचीवर येते. पाण्याच्या दोन बाटल्या दोन बाजूंना असाव्यात आणि आलटून पालटून प्याव्यात. सगळे पाणी एकाच बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावला, तर पाणी संपत जाते तसा तोल बदलत जातो.

चढवण्याआधी सगळे पट्टे सैल करावेत. बॅग जमिनीवरून एकदम खांद्यावर झोकू नये. आधी गुडघा वाकवून ती मांडीवर घ्यावी आणि मग एक हात पट्ट्यात घालावा. पार, ओटा किंवा जीपचा मागचा फाळका जवळ असेल तर बॅग त्यावर ठेवून पाठ टेकवून घालणे सर्वांत सोपे. मग थोडे पुढे वाकून, बॅग वर सरकवून, कंबरपट्टा हाडांच्या कडेवर आवळावा. त्यानंतर खांद्यांचे पट्टे बॅग अंगाला लागेपर्यंतच ओढावेत, मग तिरक्या पट्ट्या, आणि शेवटी छातीची पट्टी, तीही श्वास मोकळा राहील इतकीच. हा क्रम उलटा केला की वजन आधी खांद्यांवर बसते आणि मग ते खाली उतरत नाही. चालायला लागल्यावर दहा मिनिटांनी थांबून एकदा पुन्हा आवळावे, कारण तोवर फोम दबलेला असतो.

थोडी शिलाई

घेतलेली बॅग नव्वद टक्के बरी असेल तर ती टाकून देऊ नये. बॅगा दुरुस्त करणारा किंवा रेक्झिनचे काम करणारा कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो आणि त्याच्या जाड सुईच्या मशीनवर पुष्कळ गोष्टी होतात: छातीची पट्टी खाली घेणे, कंबरपट्ट्याचे पंख आखूड करणे, लोंबणाऱ्या पट्ट्यांची टोके कापून डागणे. जुन्या सॅकचा चांगला कंबरपट्टा नव्या बॅगेला लावून घेता येतो; मात्र तो नुसत्या कापडाला न शिवता पाठीच्या फळीपर्यंत जाईल असा शिवायला सांगावे, आणि कुठे शिवायचा ती रेघ बॅग स्वतः घालून खडूने आखून न्यावी. खांद्यांचे पट्टे खाली सरकवण्याच्या फंदात मात्र पडू नये. तिथली शिवण सगळे वजन पेलते, आणि ती एकदा उसवली की पूर्वीसारखी होत नाही.

लेन्स बॅगेबाहेर असते तेव्हा

पक्ष्यांच्या मागे असताना लेन्स बहुतेक वेळ हातात असते आणि बॅग अर्धी रिकामी, हे बॅग घेताना ध्यानात येत नाही. तेव्हा तीन किलो कशावर टांगणार, तेही आधीच ठरवावे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारा मानेचा पट्टा या कामाला लावू नये. त्याने मान तर दुखतेच, शिवाय जड लेन्सचा सगळा भार कॅमेऱ्याच्या कड्यांवर आणि लेन्सच्या जोडावर येतो. पट्टा लेन्सच्या ट्रायपॉड-कड्याच्या पायाला लावावा आणि तो मानेवर न घेता तिरका खांद्यावरून घ्यावा. लहान चणीच्या व्यक्तीने तो इतका आखूड ठेवावा की लेन्सचे तोंड चालताना गुडघ्यावर आपटणार नाही. बॅगेचा कंबरपट्टा लावलेला असेल तर हा तिरका पट्टा त्याच्या वरून घ्यावा, खालून नव्हे. नाहीतर बॅग उतरवताना लेन्स अडकते आणि दोन्ही एकदम हातातून सुटण्याची वेळ येते.